गाणं राहिलं

"बाबा, हळू बोला," कीथ म्हणाला. "आणि ती चेन वर घ्या."

म्हाताऱ्या विल्फच्या कोटातून पिवळा मफलर बोटभर डोकावत होता. कीथने स्वतःच चेन त्याच्या हनुवटीपर्यंत ओढली आणि इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. निदान तसं वाटलं.

बापलेक स्केलबीचे, आणि बसले होते थॉर्नमथच्या पबमध्ये. स्केलबीने नुकतंच फुटबॉलच्या सामन्यात थॉर्नमथला त्यांच्याच मैदानावर एक-शून्यने हरवलं होतं. परतीची गाडी रद्द झालेली, बाहेर हाडं गोठवणारा वारा, विल्फचे पाय सुजलेले. स्टेशनजवळ एवढंच एक दार उघडं होतं आणि त्यावर पाटी होती, फक्त थॉर्नमथच्या समर्थकांसाठी. मालक स्वतः दारात उभा. जाकीट उघडं टाकून आतली निळी जर्सी मिरवत त्याने विचारलं होतं, "कुणाचे?"

"तुमचेच," कीथ म्हणाला होता. दुसरं काय म्हणणार?

गेल्या हिवाळ्यात याच स्टेशनच्या बोगद्यात त्याच्या शेजाऱ्याचा जबडा मोडला होता. डोक्यावर पिवळी टोपी होती, एवढाच गुन्हा. आणि त्या दिवशी तर स्केलबी हरलं होतं.

पब भरलेला होता. शेकोटी धडधडत होती, घाम फुटत होता, तरी एकानेही कोट उतरवला नव्हता. सगळ्यांच्या चेनी गळ्यापर्यंत. कुणी हसत नव्हतं, कुणी मोठ्याने बोलतही नव्हतं. ही माणसं निवांत बसायला आलेली नाहीत, कीथच्या मनात आलं, ही बाहेर पडायच्या तयारीत आहेत. कुणाला शोधायला, ते वेगळं सांगायला नको.

"काय भिकार खेळलो रे आज," विल्फ म्हणाला.

"आपण हरलोय, बाबा. इथे आपण हरलोय, लक्षात ठेवा."

"हरलो कुठे? कॉर्नरवरून गेला की गोल. कुणाच्या तरी ढुंगणाला लागून गेला, पण गेला."

शेजारच्या टेबलावरच्या दांडग्या माणसाने खुर्ची वळवली. डोकं तासलेलं, मान बैलासारखी. "आजोबा काय म्हणतायत?"

"हेच, की गोल नशिबाने झाला," कीथ घाईने म्हणाला. "त्यांचा."

"नशीब कसलं? तो उंच पोरगा अख्खा मोसम दर कॉर्नरला तिथेच उभा राहतोय." दांडगा एकदम थांबला, बिअरचा घोट घेतला. "म्हणजे, आपल्या लोकांनी बघायला नको त्याच्याकडे?"

"हवंच होतं."

"आणि पुढे सगळा वेळ गोलासमोर भिंत बांधून उभे," विल्फ करवादला. "याला खेळ म्हणतात? लाज आणली."

"लाज कसली त्यात? परक्या मैदानावर असंच..." कीथच्या तोंडून निसटलं. मैदानापासून इथवर तो बापाशी याच मुद्द्यावर भांडत आला होता. त्याने जीभ चावली. "असंच करणार ते. तसलेच आहेत ते लोक."

"त्यांचा गोलकीपर मात्र जीव तोडून खेळला," मागून एक बाई म्हणाली. तिच्या टेबलावरच्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती ग्लासात बघत राहिली.

"आज सगळ्यांच्या तोंडाला कुलूप का?" मालक काउंटरमागून ओरडला. "आणि कोट काढा की लेको. उकडत नाही का तुम्हाला?"

कुणी हललं नाही. मालकाने खांदे उडवले आणि ग्लास पुसू लागला.

कीथला खरी भीती बापाच्या डोक्याची होती. कुठे आहोत, कुणासमोर काय बोलायचं, हे विल्फच्या डोक्यात आता टिकत नसे. पुढच्या मोसमात मैदान तरी ओळखेल की नाही, सांगता येत नाही, असं डॉक्टरीण म्हणाली होती. म्हणून तर कीथ त्याला एवढ्या लांब घेऊन आला होता. शेवटचा एक सामना, बाहेरगावचा. आता वाटत होतं, कुठून ही दुर्बुद्धी सुचली.

"कीथ, गाणं झालं का?"

"झालं, बाबा."

बाहेरगावी जिंकलं की त्या गावाची वेस ओलांडायच्या आत गाणं म्हणायचं, ही स्केलबीची रीत. विल्फने ती जन्मात मोडली नव्हती. आज पोलिसांनी सामना संपताच त्यांना ढकलत बाहेर काढलं होतं.

"नाही झालं. झालं असतं तर माझा घसा बसला असता."

"गाडीत म्हणू. बसा ना, बाबा, पाया पडतो."

पण विल्फ टेबलाला धरून उठला होता. त्याच्या आवाजात आता दम उरला नव्हता, शब्द मात्र एकही चुकला नाही.

"नदी वळते तिथे आमचं घर..."

मालकाच्या हातातलं फडकं थांबलं.

दांडगा उठला. सावकाश दारापर्यंत गेला आणि त्याने आतून कडी घातली. मग तो वळून त्यांच्याकडे यायला लागला. मागोमाग सगळ्या टेबलांभोवतीच्या खुर्च्या सरकल्या, माणसं उभी राहिली.

कीथने बापाला पाठीशी घातलं. "म्हातारा आहे हो," तो म्हणाला. "त्याला काही कळत नाही. मारायचं तर मला मारा."

दांडगा आणखी एक पाऊल पुढे आला. त्याचा हात स्वतःच्या गळ्याशी गेला आणि चेन खर्रकन खाली आली. आत पिवळं होतं.

मग खर्र, खर्र, एकेका टेबलावर तोच आवाज. गाण्याची दुसरी ओळ अख्ख्या पबने उचलली, ग्लासं थरथरली. त्या गर्दीत एकच चेन वर गेली, पार गळ्यापर्यंत, आणि ती मालकाची होती.