उरलेल्या दोन चिठ्ठ्या

"जोडीदार शोधा!" मी म्हणताच चौथीचा वर्ग चिठ्ठ्या घेऊन सैरावैरा धावला. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द. यमक जुळलं की जोडी, आणि जोडीनं मिळून दोन ओळींची कविता करायची. "काका"ला "नाका" सापडला, "पाणी" "गाणी"च्या गळ्यात पडलं.

शेवटी जोडी न मिळता दोनच चिठ्ठ्या माझ्या टेबलावर परत आल्या, "फोन" आणि "कोण". लिहिताना माझाच घोटाळा झाला होता.

"ही जोडी काही जुळत नाही. राहू दे," मी म्हटलं.

मागच्या बाकावरून मैना उठली. मी चमकलेच. गावाकडून नव्यानं आलेली ही पोरगी पहिल्याच दिवशी "पानी" म्हणाली होती आणि वर्ग खो खो हसला होता. तेव्हापासून महिनाभर तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"जुळत्यात की, बाई," ती म्हणाली. टेबलावरचं डस्टर उचलून तिनं कानाला लावलं.

"ट्रिंग ट्रिंग ट्रिंग वाजला फोन,
आज्जी म्हन्ली, बोलतंय कोन?"

बाकं बडवत वर्ग ओरडला, "वन्स मोअर!" मीही ती कविता तिनं म्हटली तश्शीच फळ्यावर लिहून टाकली.

गलका ऐकून मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. फळा वाचून त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"बाई, 'कोन'? बाणातला 'ण' कुठे गेला?"

मैनेच्या कानाला डस्टर अजून तसंच होतं.

"सर, त्यो फोनवर हाय!"