ध्वजगीत संपेपर्यंत

ध्वजगीताचा शेवटचा सूर विरायच्या आत बँडमास्तर बाईंनी काठी उचलली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

झेंडा केव्हाच वर पोचून फडकत होता. मैदानभर माणसं ताठ उभी होती. त्यांना वाटलं, बाई चुकल्या. माणूस आहे, होतं कधीकधी. गाणं पुन्हा संपलं आणि बाईंनी लगेच तिसऱ्यांदा काठी उचलली, तेव्हा मात्र व्यासपीठावरच्या नगराध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आठ्यांखेरीज त्यांना दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. ध्वजगीत वाजत असताना हलायचं नाही, बोलायचं नाही, सलामीचा हात खाली घ्यायचा नाही, हा गावाचा जुना रिवाज. नगराध्यक्षांनी तर त्याचा नियम करून मैदानाच्या फाटकावर फलकच लावला होता. शिस्त म्हणजे त्यांचा जीव की प्राण, विशेषतः दुसऱ्यांची.

फाटकाशी नगरपालिकेचा टेम्पो उभा होता. गाणं संपलं की ट्रंपेट, क्लॅरिनेट, झांजा, मोठा ड्रम, सगळं त्यात भरून गोदामात न्यायचं होतं. वाद्यं नगरपालिकेची होती, नुसती फुंकर बँडवाल्यांची. पुढच्या ध्वजदिनापासून रेकॉर्ड केलेलं गाणं लागणार होतं.

ही नोटीस लागली तेव्हा बाई दारोदार फिरल्या होत्या. त्यांच्या वडिलांनी हा बँड उभा केला, त्यांच्यामागे बाईंनी तो सांभाळला. बेकरीवाला हळहळला. शिंपी हळहळला. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तर डोळ्यांना पदर लावला. पण नगराध्यक्षांकडे चार शब्द बोलायला चला म्हटल्यावर प्रत्येकाला काही ना काही काम निघालं. बाईंना नगराध्यक्षांचा राग आला होताच, पण या हळहळणाऱ्यांचा त्याहून जास्त आला.

शेवटच्या तालमीला सगळे तोंड पाडून बसले होते. मोठा ड्रम वाजवणारे काका, म्हणजे बाईंचे सख्खे चुलते, म्हणाले की भांडण्यात अर्थ नाही, सही-शिक्क्याचा हुकूम आहे.

"गाणं संपल्यावर वाद्यं द्यायची, असंच आहे ना हुकमात?" बाई म्हणाल्या. "मग संपवायचंच नाही, काका."

"किती वेळ, पोरी?"

"दम आहे तोवर."

आणि आता तो दम लागत होता. ऊन चढलं. गाणं पुन्हा संपलं, पुन्हा सुरू झालं. आता ही चूक नव्हे, हे मैदानातल्या शेवटच्या माणसालाही कळून चुकलं होतं. टेम्पोजवळचा गोदामवाला किल्ल्या मुठीत धरून सावधान उभा होता. नगराध्यक्षांचा हात कपाळाशी लटलट कापत होता आणि घामाचा ओघळ थेट डोळ्यात उतरत होता. शेवटी त्यांनी ओठ न हलवता बोलायचा प्रयत्न केला.

"बाई, पुरे झालं."

बाईंनी मानही वळवली नाही. "ध्वजगीत चालू असताना बोलायचं नसतं, साहेब. फलक तुम्हीच लावलाय."

पहिल्या रांगेत कुणाला तरी ठसका लागला. तो ठसका नव्हता.

पण जिद्द कितीही असली तरी ओठ हाडामांसाचे असतात. आधी ट्रंपेटवाला गळाला. फुगऱ्या गालांमुळे सगळे त्याला गाल्या म्हणत. त्याच्या फुटलेल्या ओठांतून आता हनुवटीवर रक्त ओघळत होतं. मग क्लॅरिनेटवालीला धाप लागली. झांजा थांबल्या. सरतेशेवटी एकटा काकांचा ड्रम उरला, आणि बाईंनी पाहिलं, काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी म्हातारा थांबत नव्हता. बाईंनी पुढे होऊन त्यांचा हात धरला. पितळेच्या वाद्यांपेक्षा काका मोठे होते.

मैदान गप्प झालं.

नगराध्यक्षांनी हात खाली घेतला, खांदा चोळला, रुमालाने तोंड पुसलं. हसत हसत ते माइककडे निघाले आणि जाता जाता त्यांनी गोदामवाल्याला मानेने खूण केली. गोदामवाला निघाला.

बाई लोकांकडे पाठ करून उभ्या होत्या. मागे वळून बघायची त्यांना इच्छाच नव्हती. एवढा वेळ उभे राहिले म्हणून काय झालं, विजेचे खांबही उभे असतात. डोळ्यांत पाणी आलं तर ते या माणसांना दिसू द्यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं.

तेवढ्यात मागून, पार फाटकाच्या बाजूने, एक आवाज आला. कुठल्याशा बाईचा, घोगरा, सुरात अजिबात नसलेला. ध्वजगीताची पहिली ओळ.

या गावात ते कधी कुणी तोंडाने म्हटलं नव्हतं. बँड होता, गरजच पडली नव्हती. दुसऱ्या ओळीला आणखी दोघं-तिघं मिळाले. तिसरीला पुढची रांग. मग सगळं मैदान गाऊ लागलं. कोणी पुढे पळत होतं, कोणी मागे रेंगाळत होतं, तालाचा पत्ता नव्हता. तालमीत कुणी असं गायलं असतं तर बाईंनी त्याची सालटी काढली असती. त्या वळल्या. गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. काठी उचलून त्यांनी अख्ख्या गावाला ताल दिला.

गोदामवाला एक पाय पुढे टाकून होता तिथेच थिजला, आणि माइकपाशी पोचलेल्या नगराध्यक्षांचा हात मुकाट्याने पुन्हा कपाळाला गेला.