इंदूच्या खांद्याचं औषध

कापूस वेचताना बांधावरून पाय घसरला आणि इंदूचा उजवा खांदा दुखावला. गोळ्या झाल्या, मलम झालं, शेवटी लेकीनं तिला तिगावहून पांढुर्ण्याला सुचिता डॉक्टरकडे ॲक्युपंक्चरला नेलं. डॉक्टरनं खांद्यात सुया टोचल्या आणि वरून बजावलं, "काकू, या हातानं पाणी भरायचं नाही, धुणं धुवायचं नाही, भाकरी थापायची नाही."

तेव्हापासून ही सगळी कामं तिच्या नवऱ्याच्या, दादारावच्या गळ्यात पडली. इंदूचा हात हळूहळू डोक्याच्या वर जायला लागला, आणि इकडे दादारावची कंबर धरली.

शेवटी एक दिवस तो स्वतःच तिच्यासोबत दवाखान्यात आला. इंदू सुया लावून डोळे मिटून पडली होती.

"खरं सांगजा मॅडम, सुयांनं दुखणं जाते का? का आमाले येडं बनवून राहिल्या तुम्ही?"

डॉक्टर हसली. "खरं सांगू काका? सुयांनी दुखणं थोडं हलकं होतं. पण काकूंना जास्त गुण आला तो आरामानं."

दादारावनं जोरात टाळी वाजवली. "पाह्य इंदू! मी म्हणत नव्हतो का, सुया बेकार आहेत म्हणून? आजपासून बंद!"

इंदू डोळेसुद्धा न उघडता म्हणाली,

 

"काढून टाका मॅडम सुया. आराम तेवढा वाढवून द्या."