नवीन पोरं

शाळा सुटल्यावर माहीनला न्यायला आज बसऐवजी तिचे अब्बा, वाजिद, गाडी घेऊन आले होते. कुवेतमधलं खैतान मागे पडलं. मग वाजिदने विचारलं, "तुझ्या त्या अमेरिकन बास्केटबॉल टीमने ड्राफ्टमध्ये नवीन पोरं घेतली ना? कशी खेळतायत?"

माहीन खूश झाली. अब्बांनी आजवर हे कधीच विचारलं नव्हतं.

"पहिला एकदम सॉलिड! रोज पहिल्या पाचात असतो."

"आणि दुसरा?"

"त्याचा गुडघा गेला. सीझनभर बाहेर."

फिंतासला घराकडे वळायचा रस्ता आला. वाजिद सरळ पुढे गेला.

"तिसरा?"

"अजून बेंचवरच आहे."

"चौथा?"

"तिघेच घेतले होते, अब्बा."

वाजिदने गाडी कडेला घेऊन थांबवली.

"बेटा, अम्मी नाही राहिली."