न विचारता ओळखायचं नाव

टक्! विजेवरच्या भाताच्या भांड्याचं बटण वर उडालं. वादळाआधीच्या गप्प दुपारी घरात तेवढाच आवाज झाला, आणि पेइ-युन दचकली. दवाखान्याचं नेटवर्क ती घरूनच सांभाळायची, आणि तिचं बोट एंटरच्या कळीवर होतं.

खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारून झाल्या होत्या. रात्री टायफून ह्वालिएनच्या किनाऱ्याला लागणार, उद्या सगळं बंद. घरोघरी जाऊन रुग्ण बघणाऱ्या नर्सही आपापल्या घरी अडकणार. कोणाचा ऑक्सिजन संपत आलाय, कोणाला कसलं इंजेक्शन, हे त्यांना घरबसल्या दवाखान्याच्या नेटवर्कमध्ये शिरून बघता आलं तरच फोनवरून काही सांगता येणार होतं. पण नेटवर्कच्या तोंडाशी फायरवॉल बसलेली, कोणाला आत सोडायचं ते ठरवणारं फाटकच. तिला जेमतेम चार नावं पाठ. पाचव्याला ती उभं करत नसे.

नर्सची नावं दवाखान्यातल्याच दुसऱ्या सर्व्हरवर होती. फायरवॉलला एवढंच शिकवायचं होतं, की अनोळखी कोणी आलं तर लगेच हाकलू नकोस, त्या सर्व्हरला विचार.

"झालं का गं?" फोनमधून त्साइ दादा म्हणाले. ते तिकडे दवाखान्यात मशीनपाशी उभे होते. "मला शेवटची बस गाठायचीय. उडून गेलो तर बायकोला तू सांग."

तिने कळ दाबली. नर्स लिनच्या नावाने शिरून पाहिलं. नकार. पुन्हा पाहिलं. नकारच.

"थांब, हिरवं पाकीट बघतो," त्साइ दादा म्हणाले. मशीनच्या डोक्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं की मशीन गुणी वागतं, हे तिथे अगदी वरचे साहेबसुद्धा मानत. "तारीख उलटली असणार. म्हणून रुसलंय." थोड्या वेळाने त्यांचा आवाज पडला. "नाही गं. डिसेंबरपर्यंत चांगलं आहे."

गॅलरीचं दार सरकलं आणि तिची पाच वर्षांची मुलगी निंग-निंग आत आली. दाराशी खुर्चीत बसलेले तिचे आगोंग, म्हणजे आजोबा, लगेच उठून उभे राहिले. डोक्यावर रखवालदाराची जुनी टोपी. एके काळी सबंध इमारतीतली माणसं ते नुसत्या पावलांवरून ओळखायचे. आता नावं गेली होती. रीत मात्र तशीच होती. त्यांनी तळहात वर केला.

"थांबा. कोणाकडे?"

"मी निंग-निंग! तुमचीच नात!"

ते अदबीने हसले, पण तिला सोडलं नाही. मान वळवून त्यांनी पेइ-युनकडे पाहिलं. ते या सुनेलाच विचारायचे. पोटच्या मुलाने सांगितलेलंही त्यांना पटत नसे.

"आपलीच आहे, बाबा. येऊ द्या."

तेव्हा कुठे हात खाली आला. ते कमरेत वाकले. "या, या. भिजला नाहीत ना?"

निंग-निंगला हा खेळ फार आवडायचा. ती पुन्हा आत यायला म्हणून बाहेर पळाली.

पेइ-युन पडद्यावरच्या नोंदी वाचत होती. न चिडता, एकेक ओळ. फायरवॉल विचारत होती. प्रश्न सर्व्हरपर्यंत पोचत होता. तो नाही म्हणत नव्हता, हो म्हणत नव्हता. गप्पच बसत होता. म्हणजे नर्स लिनची शंका नव्हतीच. विचारणाऱ्या फायरवॉलवरच त्याचा भरवसा नव्हता.

"त्साइ दादा, फायरवॉल आणि सर्व्हर एकमेकांना ज्यावरून ओळखतात तो गुप्त शब्द सर्व्हरवर तुम्ही टाकलात ना?"

"मीच. दोनदा. अक्षरन् अक्षर बघून."

"तेव्हा कळफलक चिनीवर होता का?"



"असेल बहुतेक."

"मग आकडे रुंद उमटलेत, सर्व्हरच्या लेखी ती वेगळीच अक्षरं. पडद्यावर नुसते ठिपके, तुम्हाला दिसायचे कसे? इंग्रजीवर घ्या आणि परत टाका."

कळांचा खडखडाट ऐकू आला. "तू तिथून माझी बोटं बघतेस की काय?"

"बोटं नाही. सवय माहितेय."

तिने नर्स लिनचं नाव पुन्हा घातलं. दार उघडलं. मग नर्स वू, मग नर्स हुआंग. जिला तिला आपापलं नाव चालू लागलं. नर्स लिनचा निरोप आला: दिसतंय सगळं, म्हाताऱ्या चेन आजींना आत्ताच फोन लावते.

"हिरवं पाकीट काढून तुलाच मशीनवर बसवायला हवं," त्साइ दादा म्हणाले आणि बसकडे पळाले.

पेइ-युन खुर्चीत मागे रेलली. निंग-निंग येऊन मांडीवर चढली.

"काय केलंस तू?"

"फाटकाला विचारायला शिकवलं. आगोंग मला विचारतात ना, तसं."

"आणि फाटकाला कोणी उत्तरच दिलं नाही तर?"

"त्याची सोय आधीच केलीय," पेइ-युन म्हणाली. आवाजात थोडा रुबाब होता, आणि तो तिला शोभत होता. "एक नाव फाटकाजवळच ठेवलंय. तेवढं त्याने कोणालाही न विचारता ओळखायचं."

वाऱ्याचा पहिला झोत आला आणि दार खडखडलं. आगोंग उठले. टोपी सरळ केली, बंद दारासमोर तळहात वर धरला आणि मान वळवून पेइ-युनकडे बघत थांबले.

निंग-निंगने त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, आगोंगजवळ कोणाचं नाव ठेवलंयस?"