चौदा नंबरच्या तंबूतला कचरा

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. चौदा नंबरच्या तंबूत मिळालेली पिशवी विरोतने कचेरीच्या टेबलावर ठेवली आणि हातमोजे चढवले. बाहेर रात्री अकरापासून लागलेला पाऊस अजून तसाच होता.

पावसाळ्यात या राष्ट्रीय उद्यानात धबधब्याची वाट बंद असते आणि मैदानावर फार तर तीन-चार तंबू लागतात. पण माणसं कमी आली म्हणून नियम ढिला होत नाही. तंबूत टाकून गेलेला कचरा मालकाच्या पत्त्यावर टपालाने परत जातो. एकेक वस्तू चिमट्याने वर काढायची, निघेल त्या क्रमाने यादीत लिहायची आणि खोक्यात भरायची. वर छापील चिठ्ठी चिकटवायची: आपल्या काही वस्तू उद्यानात राहिल्या आहेत. परत पाठवत आहोत.

यादी पयोम लिहायची. सतरा वर्षं ती या कचेरीत होती. विरोतचा हा दुसराच पावसाळा, नोकरी अजून कच्ची.

"कॉफीचे कप, दोन," विरोत म्हणाला. "ओले कागद. टॉर्चचे सेल, चार. नूडल्सचे कप, दोन. कोंबडीची हाडं. ताई, हत्तीला घाबरतात ही शहरातली माणसं, पण कचरा टाकायला नाही घाबरत."

"तोंड कमी चालव. हाडं किती?"

"आता हाडं पण मोजायची?"

"मूठभर लिहिते. पुढे."

पुढे कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. विरोतने कागद सोडला आणि मोठ्याने हसला. आत कवळी होती. वरची आणि खालची, दोन्ही.

"घ्या! पार्सल पोचेपर्यंत आजीबाई पेजेवर."

पयोमलाही हसू आलं. तिने लिहून घेतलं. पिशवीच्या तळाशी केळीच्या पानातल्या चिकट भाताच्या तीन रिकाम्या पुड्या होत्या. त्याही तिने लिहिल्या. मग तिचं पेन थांबलं.

"विरोत, कवळी टाकून कोण जातं?"

तिने नोंदवही ओढली. तंबू चौदा: थनाकोर्न, त्याची बायको, त्याची आई साइयुत, वय शहात्तर. आदल्या दिवशी दुपारी आत आले. आज सकाळी सव्वासहाला बाहेर. माणसं तीन. अक्षर विरोतचं.

तिने वहीतल्या नंबरावर फोन लावला आणि आवाज मोठा केला. थनाकोर्न गाडी चालवत होता.

"साहेब, तुमच्या तंबूत एक कवळी मिळालीय. आईंची आहे का?"

"आईची? असेल. ती मागे झोपलीय."

"जरा उठवून विचारता का?"

"आत्ता? भर पावसात?"

"विचारा, साहेब. आम्ही थांबतो."

गाडी थांबल्याचं ऐकू आलं. दार उघडलं. पिकअपच्या मागच्या टपाचं झाकण करकरलं.

"मागे नाहीये," थनाकोर्न म्हणाला. "इथे नुसती पांघरुणं आहेत."

विरोतने हातमोजे काढले नाहीत. तो तसाच उभा राहिला. पयोमने वहीतल्या त्या 'तीन'वर बोट ठेवलं.

"सकाळी तीन माणसं बघितलीस तू?"

"गाडी बघितली, ताई. पाऊस होता. मी खिडकीतूनच दोरी ओढून फाटकाची आडकाठी वर केली."

"म्हणजे माणसं नाही बघितली."

"नाही."

साडेनऊला अकरा वनरक्षक मैदानात उतरले. तंबूपासून संडास साठ पावलांवर होता आणि त्याच्या मागे ओढा. मोजपट्टीवर पाणी दोन मीटर चाळीस होतं, एरवी ते गुडघ्याला लागतं. तंबूभोवतीचा चिखल रात्रीच्या पावसाने धुऊन सपाट केला होता. विरोत कंबरेला दोर बांधून दोनदा पाण्यात उतरला. दुसऱ्यांदा त्याला ओढून बाहेर काढावं लागलं. पायाला लागलेल्या जळवाही त्याने झटकल्या नाहीत.

बाराच्या सुमारास नवरा-बायको परत आले. दोघं कचेरीतल्या बाकावर बसले. बायको रडत होती. पयोमने पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. उद्यानाच्या साहेबांनी विचारलं, आईला शेवटचं कधी पाहिलंत?

"रात्री आम्ही तिघं एकत्रच जेवलो," थनाकोर्न म्हणाला. "कोंबडी आणली होती भाजलेली. आईने आवडीने खाल्ली. मग झोपली. पहाटे संडासला गेली असेल. निघताना इतका पाऊस, आम्हाला वाटलं मागे चढून पांघरूण घेऊन पडलीय."

साहेबांनी मान हलवली. चूक फाटकावरच्या माणसाची होती, असं ते पोलिसांना फोनवर म्हणाले. विरोत दारात ओला उभा होता.

अंधार पडायला लागला तसा शोध थांबवावा लागला. ओढ्यात काही सापडलं नव्हतं. काठावरही नाही. तालुक्याहून आलेल्या पोलिस अधिकाऱ्याने कवळी पाकिटात घातली आणि यादीची प्रत मागितली.

प्रत देण्याआधी पयोमने ती पुन्हा वाचली. पिशवी वरून रिकामी होते, म्हणून यादीतली पहिली वस्तू सगळ्यात शेवटी टाकलेली असते. एक, सकाळच्या कॉफीचे कप, दोन. चार, नूडल्सचे कप, तेही दोन. पाच, रात्रीच्या कोंबडीची हाडं. सात, तळाशी, काल दुपारच्या भाताच्या पुड्या, तीन.

तिने कागद अधिकाऱ्याच्या हातात दिला नाही. टेबलावर ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं. समोर बाकावर थनाकोर्न डोकं खाली घालून बसला होता.

"साहेब, हे एकदा बघा," ती हळूच म्हणाली.

सहा नंबरवर कवळी होती. हाडांच्या खाली.