मागची बाजू भिंतीला

"अजून मागे घे. अजून. टेकू दे," बाबा म्हणाले.

मुलाने जीप मागे घेतली. ट्रेलरची मागची बाजू लॉजच्या भिंतीला जवळजवळ चिकटली. आता फळी खाली पाडायला जागाच उरली नाही, म्हणजे ट्रेलरवरची गाडी उतरवायची सोय नाही. हा बाबांचा पहिला नियम. पुढचे नियम मुलाला पाठ झाले होते. जीप आणि ट्रेलरच्या जोडाला कुलूप. ट्रेलरचं एक चाक काढून खोलीत. गाडीच्या इंजिनातला रोटर खिशात. आणि गाडीचे कागद कधीही गाडीत ठेवायचे नाहीत.

"रोटर म्हणजे बोटभर वस्तू," बाबा लॉजच्या मॅनेजरला सांगत होते. "पण तो काढला की चोराचा बाप आला तरी इंजिन सुरू व्हायचं नाही."

मॅनेजर हसला. चाक खोलीत न्यायचं म्हटल्यावर मात्र त्याचं हसू मावळलं. मुलगा चाळिशी उलटलेला, औषधांच्या दुकानाचा मालक. परक्या माणसांसमोरून ते चाक गडगडवत नेताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण ही लाज वरवरची. खरी लाज वेगळीच होती. ती गाडी त्याने परस्पर विकली होती.

बाबांचा जन्म गॅरेजात गेला. भंगारातून उचललेली ही गाडी त्यांनी अकरा वर्षं सुट्टीच्या दिवशी खपून उभी केली, आणि आता त्यांना नीट दिसत नव्हतं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, पण बाबा कबूल करत नव्हते आणि दुसरं कोणी विषय काढत नव्हतं. गेल्या महिन्यात ते गाडी घेऊन गल्लीत वळले आणि सायकलवरची नात बंपरपासून वीतभर अंतराने वाचली. "कोणाची रे ही कार्टी?" असं ते खिडकीतून ओरडले होते. त्या रात्री मुलाला त्याच्या बायकोने बजावलं, "तू बोल त्यांच्याशी, नाहीतर मी बोलते."

त्याच्याने बोलवलं नाही. लेकीच्या जिवाशी गाठ असूनही बोलवलं नाही. त्याने एक गिऱ्हाईक गाठलं, जुन्या गाड्यांचा शौकीन. प्रदर्शनाला नेतो म्हणून बाबांना गाडीसकट बाहेर काढायचं, दुसऱ्या मुक्कामी रात्री गिऱ्हाइकाच्या माणसांनी गाडी न्यायची, कागद मागाहून पाठवायचे. बाबांना वाटेल, चोरी झाली. चोराला निदान शिव्या तरी घालता येतात.

जेवण झाल्यावर तो अंगणात, कव्हर घातलेल्या गाडीपाशी, ट्रेलरला टेकून गिऱ्हाइकाशी फोनवर बोलला.

"उद्या रात्री. हो, कुलूप आणि चाक मी बघतो. रोटर त्यांच्या खिशातून काढून देईन... नाही हो, गाडी चांगलीच आहे. त्यांना दिसत नाही आता. माझी मुलगी त्यांच्या गाडीखाली जाता जाता वाचली, त्यांना पत्ताही नाही. सांगायला जीभ रेटत नाही माझी."

फोन ठेवला तेव्हा त्याला स्वतःचीच शिसारी आली. बापाच्या खिशात हात घालायचा, तोही या वयात.

बाबा बऱ्याच उशिराने खोलीत आले. हात ग्रीसने माखले होते आणि मुठीत रोटर होता.

"कुठे होतात?" मुलाने विचारलं.

"गाडीचं कव्हर घट्ट झालंय. रोटर काढायला आत शिरून कंबर गेली," ते म्हणाले. हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

 दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बाबा एकदम म्हणाले, "पोरीच्या सायकलचा रंग कोणता रे?"

"लाल. का?"

"सहज."

दुपारी त्यांनी एका झेरॉक्सच्या दुकानापाशी थांबायला लावलं. "कागदांच्या नकला काढून ठेवतो. चोराचिलटांची भीती," म्हणाले. मुलगा जीपमध्येच बसून राहिला. वर मान करून त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या लॉजवर तो ट्रेलर भिंतीकडे वळवू लागला, तर बाबांनी हात केला.

"राहू दे. सरळच उभी कर. थकलो."

"आणि चाक?"

"तुला ओढावं लागतं. राहू दे आजचा दिवस."

मुलाचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडला याचीच त्याला लाज वाटली.

रात्री तो जागाच होता. बाबांचा कोट खुंटीला टांगला होता. उठून खिशात हात घालायचा, एवढंच काम. दोनदा उठला आणि दोनदा परत आडवा झाला. तेवढ्यात अंगणात फळी पाडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. म्हणजे रोटर जागेवरच होता. बाबा विसरले. आजवर एकही नियम न विसरलेला माणूस आता विसरायलाही लागला, असं मनात येऊन त्याने उशीत तोंड खुपसलं. शेजारच्या खाटेवर बाबा भिंतीकडे तोंड करून निजले होते. गाडीचा आवाज लांब जाऊन विरला तरी ते हलले नाहीत.

सकाळी रिकाम्या ट्रेलरपुढे उभं राहून मुलाने ठरवलेलं नाटक केलं. नाटक भिकारच झालं.

"बाबा, गाडी! चला, पोलिसांत जाऊ."

"कशाला?" बाबांनी कोटाच्या आतल्या खिशातून जाडसर पाकीट काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

"कागद आहेत. त्यांना पाठवून दे. नावबदलाचा फॉर्म काल झेरॉक्सवाल्याकडे मिळाला, त्याच्यावर सही केलीय. रेघेवर आलीय का, तेवढं बघ. मला दिसत नाही."